लाँचच्या पंख्याची तीन पाती

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर मी म्हटलं, की तुमच्या आजोबांनी श्रीरामपुरात बसून बोटीचा पंखा दुरुस्त केला होता, तेव्हा तुम्ही दोघंही हसलात. समुद्र इथून किती लांब आहे ते तुम्ही बोलता बोलता शोधून मला सांगितलंत. या गोष्टीत समुद्र कुठेच नाही, पण ते सांगेपर्यंत तुमची फोन ठेवायची वेळ झाली. आमच्या कारखान्यातले मिस्त्री याच महिन्यात गेले. त्या कामाच्या वेळी हजर असलेल्यांपैकी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते. क्रमाने लिहिते, म्हणजे तुम्हाला मधे थांबून विचारावं लागणार नाही.

आमचा कारखाना श्रीरामपूर स्टेशनच्या मालधक्क्याजवळ होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि गॅस वेल्डिंगच्या टाक्या. ऑइल इंजिनं, विहिरीवरचे पंप आणि उसाचे चरक दुरुस्तीला येत. आजोबांनी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता. मी पुण्याला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि सकाळी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. दुपारी कारखान्यात असायचे. मापं, ड्रॉइंग आणि इंग्रजी पुस्तकांतून काही शोधून काढायचं असेल तर ते माझ्याकडे असे. मिस्त्री हत्यारांचं सगळं बघत. ते नगरचे, आजोबांपेक्षा वयाने मोठे, आणि मला वहिनी म्हणत.

आमच्या भागात काही वर्षांपूर्वी एक धरण पुरं झालं होतं. पाणी साठलं तशी पलीकडच्या काठावरच्या वस्त्यांची वाट तुटली. बैलगाडीने वळसा घालून यायचं तर दिवस जायचा. त्यामुळे पाटबंधारे खात्याची एक लाँच तिथे ठेवली होती. ती कोकणातल्या कुठल्याशा बंदरावर वापरून झालेली, जुनी होती. सकाळी पाण्याची उंची मोजणारा माणूस तिच्यातून जाई, आणि मग तीच लाँच नर्सबाई, तलाठी, दुधाच्या किटल्या, बाजाराला निघालेली माणसं अशी सगळ्यांची ने-आण करी.

लाँचच्या ड्रायव्हरला सगळे डायव्हर म्हणत. तो मूळचा होडीवाला. नदी होती तेव्हा गावाच्या घाटावर त्याची होडी असायची. धरण भरल्यावर गावही गेलं आणि घाटही गेला. खात्याने त्याला लाँचवर घेतलं, पण रोजंदारीवर. लाँच आहे तोवर तो डायव्हर, नाही तर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं, असा त्याचा हिशेब होता. तो स्वतःच तसं सांगायचा.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. धरणातलं पाणी उतरलं आणि खालचं बुडालेलं गाव पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आलं. हा माणूस लाँच नेहमी एका ठराविक वळणाने न्यायचा. का, तर त्याच्या गावची जुनी गाडीवाट तशीच वळायची. पाण्यावर कुठूनही जाता येत असताना तो मनातल्या वाटेने जायचा. वाटेच्या दोन्ही बाजूंना बाभळी होत्या. पाणी यायच्या आधी लोकांनी त्या तोडून नेल्या होत्या, पण कमरेइतकी खोडं ठेवून. पाणी खोल होतं तोवर ती खोडं कुणाला आठवली नाहीत. मग एका सकाळी लाँचच्या बुडाखाली फिरणारा पंखा त्यांतल्या एकावर आपटला.

डायव्हर तो पंखा गोणपाटात गुंडाळून, एसटीने, मग स्टँडपासून खांद्यावर असा आमच्या दारात घेऊन आला. तीन पात्यांचा, काशाचा पंखा होता. एक पातं चांगलंच वाकलेलं, त्याच्या टोकाचा तुकडा उडालेला.

मिस्त्रींनी सगळी हकीगत ऐकून घेतली आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही पाण्यातसुद्धा बैलगाडीच हाकता."

"हाकतो की," तो म्हणाला. "बैलं वाटेत बसली, म्हनून तर तुमच्याकडं आनलंय."

आजोबांनी काम घेतलं. बोटीचा पंखा आमच्याकडे त्याआधी कधी आला नव्हता. पण पंपाच्या आतलं चाक, ज्याला आम्ही इम्पेलर म्हणायचो, ते नेहमी येई, आणि हाही पाण्यात फिरणारा भागच आहे असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं. मिस्त्रींनी शेजारच्या, न वाकलेल्या दिसणाऱ्या पात्यावर पत्रा ठेवून त्याचा फर्मा कापला. मोडकं पातं गरम करून, लाकडी हातोड्याने ठोकत त्या फर्म्याला जुळवलं. उडालेलं टोक गॅस वेल्डिंगने भरून घासलं. मग पंख्यात दांडा घालून तो दोन समांतर धारदार पट्ट्यांवर ठेवला. जे पातं जड असेल ते आपोआप खाली येतं. मिस्त्री त्या पात्याच्या पाठीवरून कानस फिरवत राहिले, आणि शेवटी पंखा कसाही ठेवला तरी तसाच थांबू लागला. पंपाच्या चाकाला आम्ही एवढंच करत असू आणि ते पुरत असे.

मिस्त्रींनी पाती घासून इतकी उजळ केली होती की डायव्हरने त्यात मिशा बघितल्या.

पंखा बसवल्यावर आजोबा आणि मी धरणावर गेलो. शाळेला सुट्टी होती आणि मला लाँच बघायची होती. इंजिन चालू झालं, लाँच काठापासून निघाली, आणि वेग घेताच फळीन् फळी थरथरायला लागली. बाकावर बसलं की दात एकमेकांवर वाजत. इंजिन जोरात ओरडत होतं आणि काठ होता तिथेच होता.

डायव्हर सुकाणू धरून, मागे न बघता म्हणाला, "मालक, पंखा लई गोरा झालाय. पन इंजिन पळतंय, लाँच न्हाई पळत."

आजोबांना ते लागलं. "शाफ्ट वाकला असेल," ते म्हणाले.

"शाफ्ट मी सोताच्या हातानं फिरवून बघितलाय. सरळ हाय."

काठावर खात्याचे डेप्युटी इंजिनियर उभे होते. तरुण गृहस्थ, बोलायला सभ्य. त्यांनी आजोबांना बाजूला घेतलं. दुसऱ्या एका धरणावरून लाँचची मागणी आली होती. तिथले लोक लाँच घेऊन जाऊन मोठ्या शहरात दुरुस्त करणार होते. "पुढच्या पाहणीला मी येईन तेव्हा लाँच नीट चालली तर इथेच ठेवतो," ते म्हणाले. "नाही तर पाठवून देतो. मला इलाज नाही." डायव्हर चार हात अंतरावर दोरखंड गुंडाळत होता. त्याला ऐकू गेलं होतं, कारण दोरखंड गुंडाळून झाला तरी तो तिथेच वाकून राहिला.

पंखा पुन्हा उतरवला आणि पुन्हा गोणपाटात बांधला. या वेळी आम्ही तिघं एकाच एसटीने परत आलो.

मी तोवर बोटीच्या पंख्याबद्दल वाचलेलं नव्हतं. शाळेच्या ग्रंथालयात एका निवृत्त फादरांनी दिलेली इंग्रजी पुस्तकं होती. त्यांत जहाजाच्या इंजिनांवरचं एक जाड पुस्तक निघालं. त्यातून मला कळलं ते थोडक्यात सांगते. लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो ठराविक अंतर आत जातो. बोटीचा पंखा हा तसाच पाण्यातला स्क्रू आहे. एका फेऱ्यात तो जितका पुढे जायला हवा, त्या अंतराला पिच म्हणतात. तीनही पात्यांचं पिच सारखं हवं. ते सारखं नसेल तर एक पातं लाँचला जास्त ढकलतं, दुसरं कमी, आणि फेऱ्या-फेऱ्याला धक्का बसतो. वजन सारखं करून हे जात नाही. आम्ही तीन पात्यांचं वजन जुळवलं होतं. त्यांचा कल मोजलाच नव्हता.

मी हे जेवताना सांगितलं. आजोबा थोडा वेळ आमटी ढवळत बसले.

"म्हणजे आपण तराजू घेऊन उंची मोजली," ते म्हणाले.

"साधारण तसंच."

"मग आता मोजायचं कशाने?"

मोजायला एक अगदी सपाट जागा हवी होती. कारखान्यातलं टेबल सपाट नव्हतं. गावातला एक छापखाना बंद पडला होता. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवून पान बांधायची लोखंडी पाटी तिथे भिंतीला टेकून उभी होती. मिस्त्रींनी ती हातगाडीवरून आणली. शेंदूर तेलात कालवून त्यांनी एका सरळ पट्टीला लावला आणि ती पट्टी पाटीवरून फिरवली. जिथे रंग लागला तिथे उंचवटा. तेवढा खरवडायचा आणि पट्टी पुन्हा फिरवायची. हे काम कंटाळवाणं असतं आणि मिस्त्रींना ते आवडायचं.

पाटीच्या मध्यभागी भोक पाडून दांडा उभा केला. मी कंपास आणि कोनमापक घेऊन मध्यापासून रेषा आखल्या आणि मिस्त्रींनी त्या टोकदार सुईने लोखंडात कोरल्या. पंखा दांड्यावर पालथा बसवला. शेजारी एक उभी सळी आणि तिच्यावर वर-खाली सरकणारा काटा. काटा पात्याला टेकवायचा, उंची वाचायची. पाटीवर तीस अंश पुढे जायचं, पुन्हा टेकवायचा, पुन्हा वाचायची. दोन उंचींतला फरक बाराने गुणला की एका पूर्ण फेऱ्याचं पिच. तुम्हाला हे सोपं वाटेल आणि ते सोपंच आहे. अडचण एकच होती. मालधक्क्यावर डबे जोडायला लागले की शेड हलायची आणि काटा पात्यावर टकटक वाजायचा. मग आम्ही तिघं हात मागे घेऊन मालगाडी शांत होण्याची वाट बघत उभे राहायचो.

डायव्हर मोजायच्या दिवशी सकाळीच आला होता. लाँच बंद म्हणून हजेरीही बंद होती. तो एका खोक्यावर बसून बघत होता.

मोजून झालं. ठोकून सरळ केलेल्या पात्यावर आणि ज्याचा फर्मा घेतला त्या पात्यावर फरक सारखाच आला. तिसऱ्या पात्यावर एक सूत जास्त आला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या कारखान्यात सगळे सुतातच बोलत. बाराने गुणल्यावर एका फेऱ्यामागे दीड इंचाचा फरक होत होता.

"सापडलं," मिस्त्री म्हणाले. "दोन एका बाजूला, एक वाकडं. तिसऱ्याला यांच्याबरोबर आणतो, झालं." त्यांनी गॅसच्या टाकीकडे हात केला.

हे ऐकायला बरोबर वाटतं. पंपाच्या बाबतीत ते बरोबरही असतं, कारण तिथे बहुतेक भाग शाबूत असतात आणि एखादाच बिघडलेला असतो. पण मला एक शंका होती. दोन पाती जुळत होती, कारण आम्ही एकाचा फर्मा दुसऱ्याला लावला होता. फर्म्याचं पातंच जर खोडावर आपटून किंचित लवलेलं असेल, तर आम्ही एक चूक दोनदा केली होती आणि आता ती तिसऱ्यांदा करायला निघालो होतो. तिन्ही पाती सारखी झाली असती, थरथर थांबली असती, आणि लाँच तशीच रेंगाळली असती.

मी हे म्हटलं. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, मग तिसरं वाकलेलं नाही कशावरून?"

"कशावरूनच नाही," मी म्हटलं. "तिसऱ्याचा फरक बरोबर एक इंच येतोय, म्हणजे पिच बारा इंच. कारखानदार साधारण असा पूर्ण आकडा धरतात. पण मला वाटतं म्हणून आपण काही तापवायचं नाही."

आजोबा म्हणाले, "करणाऱ्याने माप कुठेतरी ठोकलेलं असणार. पुस्तकात काही आहे का?"

पुस्तकात होतं. माप बहुधा मधल्या तुंब्यावर, म्हणजे पाती जिथे एकत्र येतात त्या जाड भागावर, ठोकतात. आम्ही तिघांनी तुंब्याकडे बघितलं. पाती आरशासारखी आणि तुंबा लालभडक, शेंदराच्या जाड पुटांखाली. इतके दिवस तो आमच्या डोळ्यांसमोर होता.

"हा का साफ केला नाही?" आजोबांनी विचारलं.

मिस्त्री डायव्हरकडे न बघता म्हणाले, "तो त्यांचा देव आहे. मी कानस कशी लावू?"

दर खंडेनवमीला लाँच काठावर ओढून डायव्हर पंख्याची पूजा करायचा, आणि तुंब्याला तेलात कालवलेला शेंदूर फासायचा. पाण्यात राहूनही तो निघत नसे. वर्षावर वर्ष पुटं चढत गेली. मिस्त्री पाच वेळा नमाज पढणारे. त्यांनी बाकी पंखा घासून लख्ख केला आणि तेवढा भाग मुद्दाम सोडून दिला. डायव्हरला वाटलं होतं, की कारखान्यात तो भाग साफ करत नसतील.

"मला इचारायचं हुतं," डायव्हर म्हणाला.

"तुम्हाला राग आला असता."

"राग कशाचा? आन् मी तरी काय, तुमी हात लावत न्हाई म्हनून म्हनलं, असंल काय तरी कायदा." तो खोक्यावरून उठला. "आना हिकडं ती पटाशी."

मिस्त्रींनी दिली नाही. "पटाशीने चरे पडतील. रॉकेल घ्या, चिंधी घ्या."

डायव्हरने चप्पल काढली, तुंब्याला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाला, "जरा उठून बसा देवा, खाली नंबर हाय म्हनत्यात." मग रॉकेलच्या चिंधीने एकेक पूट सोलत गेला. मिस्त्री शेजारी उकिडवे बसून चिंध्या भिजवून देत होते. आजोबा बाहेर जाऊन उभे राहिले. हा पंखा अजून एकदा चुकला तर काय होईल हे त्यांनाही माहीत होतं, आणि त्यांना बघत बसवेना.

शेंदराखाली जुना ऑइल पेंट निघाला, त्याखाली काशाचा पिवळा रंग, आणि मग ठोकलेले आकडे. अठरा आणि बारा. अठरा इंच व्यास, बारा इंच पिच. तिसरं पातं खरं होतं.

डायव्हरला आकड्यांचा अर्थ मी समजावला. तो म्हणाला, "म्हंजे जे पातं गप बसलं हुतं, त्येलाच आपन मारनार हुतो."

"मारलं नाही ना," मिस्त्री म्हणाले आणि टाकीची चावी घ्यायला गेले.

दोन्ही पाती पुन्हा गरम करून थोडी थोडी वळवली. ठोकायचं, गार होऊ द्यायचं, दांड्यावर बसवायचं, काटा लावायचा. पहिलं पातं एकदा मापाच्या पुढे गेलं आणि मागे आणावं लागलं. एकाच ठिकाणी माप बरोबर येऊन चालत नाही. तुंब्याजवळ, मधे आणि टोकाकडे अशा तिन्ही जागी यायला हवं. मी आकडे वाचत होते, आजोबा लिहीत होते. मालगाडी आली की सगळं थांबायचं. शेवटी तिन्ही पाती काट्याखालून सारखी जाऊ लागली, तेव्हा मिस्त्रींनी पंखा पुन्हा धारदार पट्ट्यांवर घेतला आणि वजन जुळवलं. वजनही लागतंच, ते शेवटी करायचं असतं.

पाहणीच्या दिवशी डेप्युटी इंजिनियर स्वतः लाँचमध्ये बसले. पलीकडच्या काठावरून एक आजारी म्हातारी आणायची होती, म्हणून नर्सबाईही होत्या. वारा समोरून होता. आजोबा काठावरच थांबले. त्यांनी मला जायला सांगितलं.

लाँच निघाली. मी बाकाच्या फळीवर तळहात ठेवला होता. इंजिनाची नेहमीची घरघर हाताला लागत होती, धक्का लागत नव्हता. डायव्हरने वेग वाढवला. आवाज खाली बसला आणि काठ मागे जायला लागला. त्याची मान एवढी ताठ होती की मागून बघताना मला अवघडल्यासारखं झालं. पलीकडे पोचलो, म्हातारीला खाटेसकट आत घेतलं, आणि परत निघालो. परत येताना वारा मागून होता आणि लाँच अजून हलकी चालली.

उतरल्यावर डेप्युटी इंजिनियर आजोबांना म्हणाले, "राहू दे इथेच. मी तसं कळवतो." मग डायव्हरला म्हणाले, "उद्यापासून हजेरी लाव."

"लावतो सायेब," तो म्हणाला, आणि खाटेचं एक टोक धरायला गेला.

मिस्त्रींना ही बातमी आजोबांनी कारखान्यात सांगितली. मिस्त्रींनी मान हलवली आणि विचारलं, "म्हातारीचं काय झालं?" ती बरी झाली, हे आम्हाला पुढे नर्सबाईंकडून कळलं.

डायव्हर पुढे कायम झाला आणि निवृत्त होईपर्यंत त्याच लाँचवर होता. त्याच्यामुळे आणखी एक-दोन धरणांवरून आमच्याकडे पंखे येत राहिले, आणि प्रत्येक पंख्याचा तुंबा मिस्त्री आधी साफ करत. शेंदूर असला तर मालकाला विचारून. पलीकडच्या काठाला डांबरी रस्ता झाला तेव्हा लाँच मोडीत निघाली. आजोबा गेल्यावर कारखान्याची शेड विकली. लेथ एका शाळेला दिले. रेषा कोरलेली लोखंडी पाटी आणि काट्याची सळी माझ्याकडे आहेत, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. सळीवर गंज आला आहे. पाटीवरच्या रेषा अजून वाचता येतात.